‘मी जातो’ म्हणणारी पोरगी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचं पत्र आलंय. वहीचे चार कागद, पाठपोट लिहिलेले. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून फक्त मुद्दा देते.

त्यांची मुलगी 11 वर्षांची, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला. दिवाळीत पुण्याहून भासऱ्यांचा मुलगा आला होता. त्यानं मोबाइल टीव्हीला जोडून घरच्या पोरांना एक इंग्रजी कार्टून दाखवलं आणि मराठीत समजावून सांगितलं. भुताखेतांच्या बागेत नोकरीला लागलेला एक पोरगा, जो जन्मानं पोरगी होता. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी या मुलीनं पोत्याची सुतळी कापायच्या कात्रीनं स्वतःची वेणी कापली. “मले पोरगी म्हणू नका,” म्हणाली. आता घरात ‘मी जातो, मी जेवतो’ असं बोलते. शाळेतून सरांची तक्रार आली. वडिलांनी डिशचं रिचार्ज बंद केलं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच कार्टूनचा व्हिडिओ फिरतोय की परदेशात असं दाखवून दाखवून लहान पोरांना औषधं देतात, ऑपरेशन करून बदलून टाकतात. सासूबाई म्हणतात, “मी सांगतो तुले, हे बाहेरचं हाय. महाराजाकडे ने.” आई विचारते, “मॅडम, हे टीव्हीनं झालं का? अशी औषधं खरंच देतात का? मी माह्या पोरीचं काय करू?”

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी चौथ्या कागदाच्या अगदी तळाशी, सहीच्या वर, एक ओळ दिसली जी आधी नजरेतून सुटली होती. ‘दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ती शहाणी झाली, तवापासून वावरात जाणं आन् सायकल बंद केली.’ कार्टूनवर तुम्ही दोन कागद लिहिलेत आणि यावर एक ओळ. मला उत्तर या ओळीपासून सुरू करायचंय.

घडलं ते क्रमानं मांडून पाहू. तान्ह्या पोळ्याला तुमची पोरगी बाबाचा फेटा बांधून लाकडी बैल घेऊन मिरवली, तिला बक्षिसात कंपासपेटी मिळाली, हे तुम्हीच कौतुकानं लिहिलंय. तेव्हा तो फेटा कुणाला खटकला नाही. पावसाळाभर सुटीच्या दिवशी ती बाबासोबत वावरात जायची, डवऱ्यावर उभी राहायची, बैलांना पाणी पाजायची. मग पाळी आली. आजीनं पाच दिवस वेगळं बसवलं. सायकल गोठ्यात गेली. बाबानं वावरात नेणं सोडलं. भुलाबाईच्या गाण्यांना मात्र जा म्हणून मागं लागलात, ती गेली नाही. मग दिवाळी आली, मग पुतण्या आला, मग कार्टून, मग कात्री. या सगळ्यात कार्टून किती उशिरा आलंय ते तुमच्या लक्षात येईल.

एका महिन्यात या लेकराची सायकल गेली, वावर गेलं, बैल गेले आणि बाप गेला. मिळालं काय, तर पाच दिवसांचा कोपरा. आपल्याकडं पोरगी ‘मोठी’ झाली म्हणजे तिचं जग घराच्या दारापर्यंत येऊन थांबतं. तिच्या वर्गातल्या पोरांचं मात्र त्याच वयात वाढत जातं, ते शेजारच्या गावच्या बाजारापर्यंत जाऊ लागतात. हे रोज डोळ्यांसमोर बघणारी 11 वर्षांची मुलगी ‘मला पोरगी व्हायचं नाही’ म्हणाली, तर मला त्यात अनाकलनीय काही वाटत नाही. तुमच्याही मनात त्या वयात हे एकदा तरी येऊन गेलं असेल. माझ्या आलं होतं.

पण सायकल परत द्या आणि सगळं ठीक होईल, असं सांगून मी मोकळी होणार नाही. दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. काही मुलांना आतून, अगदी लहानपणापासून, आपण मुलगी नाहीच असं जाणवत असतं. अशा मुलाला पाळी येणं हा सगळ्यात मोठा धक्का असतो, कारण तोवर जे लपून होतं ते शरीर सगळ्यांसमोर सांगून टाकतं. म्हणजे पाळीनंतर महिन्याभरानं आलेली कात्री दोन्ही गोष्टी सांगत असू शकते. ‘मला पोरीचा जाच नको’ हे एक आणि ‘मी पोरगीच नाही’ हे दुसरं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. कधी दोन्ही एकाच लेकरात असतात. यातलं तुमच्या मुलीचं कोणतं, हे चार कागदांवरून मला कळत नाही. तुम्हालाही आज कळणार नाही, आणि कदाचित तिलाही अजून नीट कळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांची जी नवी यादी 2022 पासून लागू केली, तिच्यात या गोष्टीला मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय. तेव्हा ती पोरगी वेडी नाही आणि तिला काही लागलेलंही नाही.

मी 31 वर्षं खेड्यातल्या शाळांमधून शिकवलं. एका शाळेत सातवीत एक मुलगा होता. त्याचे आजोबा दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे, लोक लांबून बघायला यायचे. हा पोरगा गॅदरिंगला असा नाचला की मुली तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याला एका शब्दानं हाक मारायला सुरुवात केली. तो शब्द तुम्हाला माहीत आहे, तो मी लिहिणार नाही. मी त्याला वर्गाबाहेर बोलावलं आणि म्हटलं, “आता मोठा झालास, हे सोड.” चिडवणाऱ्या पोरांना मी काहीच बोलले नाही. पोळ्याच्या सुटीनंतर तो आला नाही. त्याच्या नावापुढं लाल शाईनं ‘सतत गैरहजर’ मीच लिहिलं. त्याला फक्त नाचायला आवडत होतं, की त्याला आणखी काही सांगायचं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला आधी सांगते: विचारा. आणि विचारल्यावर ऐका.

आता टीव्हीकडं येऊ.

तुमच्या वर्णनावरून ती मालिका मला ओळखता आली. ‘डेड एंड : पॅरानॉर्मल पार्क’ हे तिचं नाव. 2022 साली नेटफ्लिक्सवर आली, दोन हंगाम झाले, 20 भाग झाले आणि ती बंदही पडली. 2025 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी तिच्यावरून नेटफ्लिक्स सोडा असं लोकांना सांगितलं आणि बंद पडलेली मालिका पुन्हा जगभर चर्चेत आली. तुमच्या ग्रुपवरचा व्हिडिओ त्याच लाटेतला. नातवाकडून लावून घेऊन मी तिचे काही भाग पाहिले. बार्नी नावाचा पोरगा, त्याची मैत्रीण नॉर्मा, एक बोलणारा कुत्रा आणि खूप भुतं. ज्या भागांची भीती दाखवली जातेय त्यात औषध, इंजेक्शन, ऑपरेशन यातलं मला काही दिसलं नाही.

मला काळजीची वाटली ती गोष्ट वेगळी आहे. बार्नीची आजी त्याला टोचून बोलते, आईबाप गप्प बसतात आणि तो कुत्रा घेऊन घराबाहेर पडतो, त्या बागेतच राहायला लागतो. ताई, तुमच्या घरात टोचणारी आजी आहे, गप्प बसलेले आईबाप आहेत. पोरीनं त्या गोष्टीतून काय उचललं असेल, ते तुम्हीच सांगा. कार्टूनमधल्या पोराला भुतांची बाग मिळते, मैत्रीण मिळते, नोकरी मिळते. आपल्या गावाहून निघालेल्या पोरीला पहिल्यांदा एसटी स्टँड लागतो, आणि तिथं रात्री कोण असतं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. कार्टूनच्या एका भागात हे मावत नाही. ते घरच्या माणसानं शेजारी बसून सांगावं लागतं.

मुलांच्या टीव्हीवर गेल्या काही वर्षांत हा विषय आलाय, हे खरं आहे. लपवण्यात अर्थ नाही. डिस्नेच्या ‘मपेट बेबीज’मध्ये 2021 साली गोंझो नावाचं पात्र झगा घालून राजवाड्यातल्या नाचाला जातं. त्याच वर्षी ‘ब्लूज क्लूज’च्या एका गाण्यात प्राण्यांची मिरवणूक होती, तिच्यात छातीवर स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या खुणा असलेला एक बीव्हर होता. त्यावर तिकडं मोठा वाद झाला, आणि मलाही वाटतं की तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठीच्या गाण्यात त्या खुणांचं काम नव्हतं. ज्याचा अर्थ लेकराला विचारता येत नाही आणि आईला सांगता येत नाही, ते चित्र कशाला? उलट 2020 च्या ‘बेबी-सिटर्स क्लब’मध्ये तापानं फणफणलेल्या एका लहानग्या ट्रान्स मुलीला, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेल्या पण मुलगी म्हणून जगणाऱ्या लेकराला, दवाखान्यातली माणसं सारखी ‘तो’ म्हणतात आणि तिला सांभाळणारी मोठी मुलगी त्यांना बाजूला घेऊन शांतपणे समजावते. ते मला पटलं. आजारी लेकराचा अपमान होऊ नये, एवढंच त्यात आहे. 2024 च्या शेवटी डिस्नेनं आपल्या एका नव्या मालिकेतून अशा पात्राचा धागाच काढून टाकला; अशा विषयांवर मुलांशी कधी आणि कसं बोलायचं ते पालकांना स्वतः ठरवायचं असतं, असं कारण दिलं. म्हणजे पडद्यावर काय येतं आणि काय जातं, ते अमेरिकेतल्या वाऱ्यावर ठरतं. तुमच्या लेकीचं भलं-बुरं त्यात कुणी मोजत नाही.

आणि आपल्या रोजच्या कार्टूनचं काय? ‘छोटा भीम’ 2008 पासून चालू आहे. भीम, राजू, कालिया, ढोलू, भोलू, जग्गू माकडसुद्धा, सगळे उड्या मारतात, मारामारी करतात, गाव वाचवतात. चुटकी बहुतेक वेळा लाडू देते. ‘मोटू-पतलू’त तर पडद्यावर सगळे पुरुषच, बाई शोधावी लागते. ‘डोरेमॉन’मधली शिझुका गुणी, नीटनेटकी, आणि पोरांनी जिच्यासाठी भांडायचं ती. मुलगा कसा असतो नि मुलगी कशी असते, हे टीव्ही आपल्या लेकरांना सकाळ-संध्याकाळ शिकवतोय. फक्त ते आपल्या सवयीचं आहे म्हणून आपण रिचार्ज बंद करत नाही. डवऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरीला त्या पडद्यावर आपल्यासारखी पोरगी कुठंच दिसली नसेल. मग एक दिवस बार्नी दिसला.

माझं म्हणणं एवढंच, की कार्टूननं तिला हे ‘केलं’ नाही. कदाचित मनात आधीपासून असलेल्या गोष्टीला शब्द दिला असेल. तो शब्द तिच्या मापाचा आहे की पुतण्याच्या मोबाइलमधून उसना आलेला, हे कळायला वेळ लागेल. म्हणून डिशचं रिचार्ज पुन्हा करा. टीव्ही बंद झाला तरी तिचा विचार बंद होणार नाही. तो फक्त तुमच्यापासून लपेल आणि शेजारच्या कुणाच्या तरी मोबाइलवर जाईल. तिथल्या एक-दीड मिनिटाच्या व्हिडिओंपुढं हे कार्टून फार सभ्य आहे.

आता ‘मी जातो’बद्दल. शाळेच्या सरांनी यावरून तक्रार केली म्हणता. ताई, तुमच्याच पत्रात सासूबाईंचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मी सांगतो तुले.’ आपल्या वऱ्हाडात कितीतरी म्हाताऱ्या बाया जन्मभर ‘मी येतो, मी जातो, मी करतो’ असंच बोलत आल्यात. माझी आजी शेवटच्या आजारात म्हणत होती, “मी आता नाही वाचत, मी चाललो.” तिला कुणी पुरुष समजलं नाही. ‘जाते, येते’ आपल्या घरात आलं ते शाळेच्या पुस्तकातून. तेव्हा त्या दोन अक्षरांवरून तिला टोकू नका, आणि सरांनाही हे प्रेमानं सांगा. तिच्या ‘जातो’चा अर्थ आजीच्या ‘जातो’हून निराळा असेलही. असू द्या. बोलताना दर वाक्याला तिची जीभ कुणी पकडत नाही, एवढं जाणवलं तरी ती मोकळी बोलायला लागेल.

तुमचा दुसरा प्रश्न औषधांचा. यावर नीट सांगते, कारण व्हिडिओत थोडं खरं आणि पुष्कळ खोटं एकत्र कालवलंय.

वयात येण्याआधीच्या मुलाला यासाठी औषध किंवा ऑपरेशन द्यावं, असं कुठलंच वैद्यकीय मार्गदर्शन सांगत नाही. त्या वयात जे बदलतं ते नाव, केस, कपडे. वयात येऊ लागल्यावर काही देशांत दिली जाणारी औषधं म्हणजे प्युबर्टी ब्लॉकर. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून शरीराला ‘वाढ आता’ असा जो निरोप जातो, तो ती अडवतात. औषध नवं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला छाती येऊ लागली, तर तिची वाढ लांबवायला डॉक्टर ते कित्येक वर्षांपासून देतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात ते अशा मुलांसाठी वापरायला घेतलं. मग साधारण 16 व्या वर्षापासून शरीर मुलासारखं किंवा मुलीसारखं घडवणारे हार्मोन आणि 18 नंतर शस्त्रक्रिया, अशी त्यांची रीत होती. अमेरिकेत काही ठिकाणी 18 च्या आतल्या मुलींच्या छातीच्या शस्त्रक्रियाही झाल्यात, तेवढं व्हिडिओतलं खरं आहे.

आणि यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. 2014 साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर ‘आय अ‍ॅम लिओ’ नावाचा माहितीपट दाखवला होता. मुलगी म्हणून जन्मलेल्या, मुलगा म्हणून जगणाऱ्या 13 वर्षांच्या लिओची गोष्ट. ब्लॉकरचा विषयही त्यात होता. बघणाऱ्या मुलांना सगळं सरळ रस्त्यासारखं दिसलं असणार. दहा वर्षांनी, एप्रिल 2024 मध्ये, त्याच देशातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांनी सरकारी आरोग्यसेवेसाठी केलेला मोठा अहवाल आला. या औषधांचा फायदा किती आणि तोटा किती, याचा पुरावा फार कच्चा आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. हाडांच्या बळकटीची काळजी त्यात आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यांनी महिनाभर आधीच ही औषधं नेहमीच्या उपचारातून काढली होती, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं 18 च्या आतल्या मुलांना या कारणासाठी ती नव्यानं देण्यावर बेमुदत बंदी घातली. फिनलंड 2020 मध्येच सावध झालं होतं, स्वीडन 2022 मध्ये. अमेरिकेत मात्र बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना हे उपचार उपलब्ध असावेत असं म्हणत आली, आणि वीसहून जास्त राज्यांनी त्यांवर बंदी आणली. टेनेसी राज्याचा असा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून 2025 मध्ये कायम ठेवला. या उपचारांनी आपण वाचलो असं सांगणारी माणसं आहेत, आणि आपण घाई केली असं सांगणारीही आहेत. मी दोघांचं खरं मानते.

लिओ खोटं बोलला, असा याचा अर्थ नाही. त्याचं जगणं त्याचं होतं. पण पडद्यावर एका लेकराची गोष्ट अर्ध्या तासात संपते. हार्मोननं जाड झालेला आवाज मात्र औषध थांबवलं तरी परत बारीक होत नाही. उघडीप न बघता पहिल्या पावसाला पेरलं की बियाणं जातं आणि दुबार पेरणीचं कर्ज बसतं, हे तुम्हा शेतकऱ्यांना मी काय सांगणार. पण वाट बघणारा शेतकरी हात बांधून बसत नाही. तो वखरणी करतो, धुरे साफ करतो, आभाळाकडं लक्ष ठेवतो. तुमचं सध्याचं काम त्यातलं आहे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत आज कुठल्याही औषधाचा प्रश्नच नाही. भारतातले डॉक्टर अशा शस्त्रक्रियेसाठी 18 पूर्ण झालेले असावेत असं मानतात. कुणी तालुक्याच्या मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या आणून देतो म्हणाला, किंवा उलट ‘पोरगीपण पक्कं करायची’ इंजेक्शनं देतो म्हणाला, तर त्याला दारात उभं करू नका. समुपदेशनाच्या नावाखाली मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरांबाबत राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्येच स्पष्ट केलंय की ते व्यावसायिक गैरवर्तन आहे.

सासूबाईंच्या महाराजाकडं तर मुळीच नेऊ नका. अंगातलं काढायचं म्हणून मारहाण करणं, धुरी देणं हे आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण सासूबाईंना कायदा सांगून उपयोग नाही. त्यांना अर्जुनाची बृहन्नडा सांगा. अज्ञातवासाचं वर्ष त्यानं विराटाच्या राजवाड्यात मुलींना नाच शिकवत काढलं, आणि त्यांच्यापैकी कुणी त्याला महाराजाकडं नेलं नाही. ही गोष्ट त्यांनी कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. अर्धनारीनटेश्वरापुढं त्या हात जोडतातच. पाच दिवसांचं वेगळं बसणं मात्र बंद करा. हे तुम्हाला अवघड जाईल, घरात दोन दिवस तोंडं वाकडी होतील. तरी करा. त्या कोपऱ्यात बसून पोरीनं काय काय विचार केला असेल, तो विचार माझी पाठ सोडत नाही.

तिच्याशी बोला. समोर बसवून, दार लावून नाही. तूर सोलताना, भाकरी थापताना, कपडे धुताना, जिथं नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथं. तुमच्याच बोलीत. “तुले पोरगी म्हटलेलं कायचं खटकते, मले सांग. मी रागावत नाही.” मग गप्प राहा. ती दोन दिवस काही बोलणार नाही कदाचित. कधीपासून असं वाटतं, पाळीच्या आधीपासून का, अंग नको वाटतं की अंगावर आलेली बंधनं नको वाटतात, हे हळूहळू निघेल. एका बैठकीत उलटतपासणी करू नका. ‘मंग तुले पोरगा व्हायचं हाय का?’ असा प्रश्न तर विचारूच नका. हो किंवा नाही, कुठलंही उत्तर तिला मग धरून बसावं लागेल. घरात तिला लाडानं ‘सोनू’ म्हणता असं पत्रात आहे. तेच म्हणा. त्यात पोरगाही बसतो आणि पोरगीही.

तिच्या बाबांना माझा एक निरोप द्या. रिचार्ज बंद करून त्यांनी राग काढला, पण मला त्यात भीती दिसली. पोरगी हातची जाईल ही भीती. त्यांनी तिला येत्या रविवारी वावरात न्यावं. कापूस वेचणी चालू असेल, बंडीवर शेजारी बसवून न्यावं. काही बोललं नाही तरी चालेल. सायकल गोठ्यातून काढावी, चाकात हवा त्यांनीच भरावी.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. एकदा तिला घेऊन जा. ‘दाखवायला’ म्हणून नेऊ नका. तिला विचारून, बोलायला म्हणून न्या. त्याआधी तुम्ही एकट्याच जाऊन आलात तरी चालेल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी समुपदेशक असतात, त्यांनाही विचारा. जाणं लगेच जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. शाळेत तिला कुणी त्या नको त्या शब्दानं हाक मारत असेल, तर मुख्याध्यापकांकडं तुम्ही दोघं जोडीनं जा. मी जे केलं नाही, ते त्यांना करायला लावा. नातेवाइकांपैकी कुणी ‘हिला लांब ठेवा, लवकर उजवून टाका’ म्हणालं, तर 18 च्या आत लग्न हा गुन्हा आहे आणि पोरगी तुमची आहे, एवढं सांगून विषय संपवा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यातही हे कलम आहे, की केवळ या कारणानं मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईबापापासून तोडता येत नाही. तुमच्या मुलीला तो शब्द लागू आहे की नाही हे कुणी ठरवलेलं नाही. पण लागू असला, तरी तिची जागा तुमच्या घरातच आहे.

एक गोष्ट आजच करा, हे पत्र खाली ठेवायच्या आधी. फवारणीची औषधं तुमच्या घरात कुठं आहेत? बहुतेक घरांत ती माळ्यावर नाहीतर न्हाणीजवळच्या कोनाड्यात असतात. कुलूपबंद पेटीत घाला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवा. तुमची पोरगी तसं काही करेल असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात मी इतक्या घरांत गेलेय की हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. ती जेवायची बंद झाली, हातावर ओरखडे दिसले, ‘मी नसलो तं बरं होईल’ असं काही बोलली, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि केसांचं. कापलेली वेणी तुम्ही पिशवीत घालून पेटीत ठेवलीय, रात्री काढून बघता, असं लिहिलंय. ठेवा, तुमची ती आठवण आहे. पण तिच्यासमोर ती काढून रडू नका. तिचे केस एका कानाच्या वर आणि दुसऱ्या कानाच्या खाली राहिलेत, म्हणून ती डोक्याला रुमाल बांधून शाळेत जाते, हेही तुम्हीच लिहिलंय. बाजाराच्या दिवशी तिला तालुक्याला घेऊन जा. तुम्ही न्या, नाहीतर बाबा नेतील. केस दोन्हीकडून सारखे करून घ्या. किती आखूड ठेवायचे, ते खुर्चीत बसल्यावर तिला सांगू द्या.